हा ए नाही

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलानं हातावर गोंदवून घेतलं. मनगटापासून कोपराच्या दिशेनं, चांगली तीन बोटं उंचीची, काळीभोर, टोकदार अक्षरं. मावशी मोबाइलमधला फोटो मला दाखवत होत्या. एक हात कणकेचा म्हणून लांब धरलेला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी फोटो मोठा करण्याची खटपट. "ताई, तुमचं अक्षरांचंच काम ना? हे काय लिहिलंय सांगा बरं. पोरगा म्हणतो, 'आई' लिहिलंय." लिहिलेलं 'आई'च होतं. इंग्रजीतले ए, ए, आय. तिन्ही कॅपिटल, फ्राक्टूर वळणाची, म्हणजे जुन्या जर्मन छपाईतल्या टोकदार गॉथिक अक्षरांची. मी तसं सांगितलं. मावशींनी फोटो पुन्हा जवळ धरला, लांब धरला, आणि ठामपणे म्हणाल्या, "मला ए येतो, ताई. गोळ्यांच्या पाकिटावरचा वाचते मी. हा ए नाही."

मावशींचं बरोबर होतं, आणि गोंदणाऱ्याचा एही बरोबर होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, ही गोष्ट मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिली. पोरानं आईसाठी म्हणून एवढ्या सुया सोसल्या, आणि ज्या एका माणसासाठी ते अक्षर होतं तिलाच ते वाचता येईना.

फ्राक्टूरच्या कॅपिटल एला आपल्या ओळखीचं वरचं टोक नसतं. तंबूसारख्या दोन तिरक्या रेघाही नसतात. डावीकडे आत वळलेला बाक, उजवीकडे जाड उभी रेघ, आणि मधली आडवी काडी असून नसल्यासारखी. रोमन अक्षरांवर वाढलेल्या डोळ्याला तो सरळ यू दिसतो. आणि आय? तो खाली आकडा वळवून उभा असतो, हुबेहूब जे. छापखान्यांत कितीतरी काळ आय आणि जे यांना एकच खिळा, म्हणजे अक्षराचा शिशाचा ठसा, चालायचा. कुठला कुठे, हे वाचणाऱ्याला शब्दावरून कळायचं. म्हणजे त्या हातावर मावशींना दिसत होतं ते यू, यू, जे. त्यात आई कुठून सापडणार?

दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. तिन्ही अक्षरं कॅपिटल होती. या वळणाची कॅपिटल अक्षरं शब्दाच्या तोंडाशी एकटी उभी राहण्यासाठी घडली. त्यांची वेलांटीदार वळणं, पोटातल्या दुहेरी रेघा, बाजूला लोंबणारे केसाएवढे बारीक फराटे हे सगळं शेजारी साधी, अरुंद, एकसारखी लहान अक्षरं येणार हे धरून केलेलं असतं. सगळी कॅपिटल एका रांगेत लावली की प्रत्येक अक्षर आपापल्या तोऱ्यात उभं राहतं आणि शब्द होतच नाही. आज दुचाकीच्या टाकीवर, जिमच्या पाटीवर, टी-शर्टवर, जिथे तिथे ही अक्षरं दिसतात ती अशीच, सगळी कॅपिटल. मला ते दिसलं की आत काहीतरी दुखतं. चूक काढायची म्हणून नव्हे. एका फार देखण्या वस्तूला तिचं कामच करू दिलं जात नाही, याचं वाईट वाटतं.

मामाच्या छापखान्यात ही वेळ आली नसती. कोल्हापुरातला लहानसा जॉब प्रेस: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. खिळे रॉकेलनं धुतल्याचा वास, पायानं चालणाऱ्या ट्रेडल यंत्राचा ठेका, आणि भिंतीलगत घोड्यांवर लावलेल्या केशी, म्हणजे खिळ्यांचे कप्पे असलेले खण. मराठी खिळ्यांच्या केशी सतत उघड्या. एका कोपऱ्यात मात्र याच गॉथिक घराण्यातल्या 'ओल्ड इंग्लिश'ची एक केस असायची. शाळांची प्रमाणपत्रं, ख्रिस्ती मंडळींच्या लग्नपत्रिका, एखाद्या संस्थेचं मानपत्र एवढ्यापुरतीच ती ओढली जायची. कंपोझिटर अण्णांना इंग्रजी जेमतेम येत होतं, पण त्या केशीची शिस्त पक्की ठाऊक होती. "याचा कॅप एकच, पहिला. पुढं सगळा लोअर. आणि हा फेस मोकळा करायचा नाही." इतर इंग्रजी शीर्षकांत दोन खिळ्यांच्या मध्ये पातळ स्पेस घालून शब्द ऐसपैस करायची पद्धत होती, ओल्ड इंग्लिशला ती मनाई. का, असं मी विचारलं नव्हतं आणि अण्णांनीही सांगितलं नसतं. त्यांना ते हातानं माहीत होतं.

कारण मला फार पुढे कळलं, रुंद टोकाची लेखणी हातात धरल्यावर.

टेक्स्टूरा हे या गॉथिक घराण्यातलं सगळ्यात कडक वळण. लेखणी साधारण पंचेचाळीस अंशांत धरायची, आणि ती सोडायची नाही. लहान एन लिहायचा म्हणजे दोन उभ्या रेघा. प्रत्येक रेघेच्या माथ्यावर लेखणी टेकवली की आपोआप एक चौकट उमटते, टोकावर उभी, शंकरपाळ्यासारखी. पायाशी तशीच दुसरी. खरी कसोटी पुढे आहे. दोन रेघांमधली पांढरी जागा रेघेच्या जाडीइतकीच हवी. अक्षराच्या आतली पांढरी जागा आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागाही सारखी. काळं, पांढरं, काळं, पांढरं, कुठेही न अडखळता. नवखे विद्यार्थी काळ्या रेघेकडे बघत लिहितात आणि ओळ बिघडते. पांढऱ्याकडे बघायला लागलं की हात सुधारतो. या ओळीत अक्षरं फाकवली की सगळा तोल जातो; अण्णांची मनाई हीच. गंमत वाटेल, पण 'मिनिमम' हा लॅटिन शब्द या वळणात लिहिला तर तो म्हणजे नुसत्या पंधरा उभ्या रेघा. एम तीन, आय एक, एन दोन, आय एक, एम तीन, यू दोन, एम तीन. कुठलं अक्षर कुठे संपलं, हे कळावं म्हणून मध्ययुगातले लेखनिक आयच्या डोक्यावर छोटा फराटा ओढू लागले. आज आपण सहज देतो तो आयवरचा ठिपका त्या अडचणीतून आलेला आहे.

आपल्या बोरूचा काट याच्या उलट्या बाजूचा. त्यामुळे देवनागरीवर हात बसलेल्या माणसाला ही लेखणी सुरुवातीला चक्क विरोध करते. जिथे जाड यायला हवं तिथे बारीक येतं. माझं मनगट कितीतरी महिने कुरकुरत होतं. पण एकदा ती लय बसली की सोडवत नाही. अर्धं पान भरल्यावर कागद दूर धरून बघावा: अक्षरं दिसत नाहीत, एक विणलेला, एकसंध करडा पोत दिसतो. त्या पोतासाठी गुटेनबर्गनं केवढा आटापिटा केला! १४५५ च्या सुमाराला पुरं झालेलं त्याचं बेचाळीस ओळींचं बायबल याच वळणात आहे, आणि त्यासाठी त्यानं जवळपास २९० वेगवेगळे खिळे पाडले. लॅटिनची मुळाक्षरं मोजून बावीस-चोवीस, मग एवढे कशाला? एकाच अक्षराचे रुंद-अरुंद अवतार, जोडाक्षरं, संक्षेपाची चिन्हं. ओळीची दोन्ही टोकं सरळ यावीत आणि मधला पोत कुठे विरळ होऊ नये म्हणून. शेकडो खिळ्यांच्या मराठी केशी पाहत वाढलेल्या मला तो आकडा वाचून परकं वाटलंच नाही. अक्षरं जोडून लिहिणाऱ्या माणसांचं दुःख त्याला कळत होतं, असंच वाटलं.

वाचनाच्या अक्षराबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र एका आईनं. जर्मन कवी गटेची आई फ्रँकफुर्टला राहायची. जर्मनीत तेव्हा दोन्ही वळणं चालू होती. नव्या रुचीचे लेखक-प्रकाशक रोमन, म्हणजेच लॅटिन, वळणाकडे झुकत होते. १७९४ साली तिनं मुलाला पत्रात लिहिलं की, तुझं लेखन त्या मला नकोशा लॅटिन अक्षरांत छापलं गेलं नाही याचा मला अतोनात आनंद झाला. ही बाई अशिक्षित नव्हती. मुलाची पुस्तकं मन लावून वाचणारी होती. तिला आपलं वाटणारं अक्षर फ्राक्टूर होतं, आणि आज ज्याला आपण जगातलं सगळ्यात सोपं, साधं अक्षर समजतो ते तिला डोळ्यांसमोर नको होतं. मावशींचं म्हणणं आणि तिचं म्हणणं अगदी उलट, पण मला ते एकच वाटतं. अक्षर मुळात अवघड किंवा सोपं असतं, यावर माझा विश्वास राहिलेला नाही. ज्याच्यावर लहानपणी डोळा फिरला, ते सोपं.

फ्राक्टूर चारशे वर्षं असंच सोपं होतं. मॅक्सिमिलियन बादशहाच्या कारकिर्दीत, १५१० च्या दशकात, ते छपाईत आलं, आणि पुढे जर्मन घरातलं बायबल, पंचांग, वर्तमानपत्र, पोरांची अंकलिपी सगळं त्यात होतं. त्याचे बारीक नियमही वाचणाऱ्याच्या सोयीचे. त्यात एस दोन: एक उंच, काठीसारखा, आणि एक आपल्या ओळखीचा गोल. शब्दाच्या किंवा त्यातल्या घटकाच्या शेवटी गोल, एरवी बहुतेक ठिकाणी उंच. जर्मनमध्ये 'वाख' म्हणजे पहारा आणि 'श्टूबे' म्हणजे खोली. 'वाक्स' म्हणजे मेण आणि 'टूबे' म्हणजे ट्यूब. रोमन अक्षरांत पहाऱ्याची खोली आणि मेणाची ट्यूब हे दोन्ही शब्द अगदी एकसारखे दिसतात. फ्राक्टूरमध्ये उंच एस आला की खोली, गोल आला की मेण. डोळा अडखळतच नाही. आज जर्मनीतल्या जुन्या धाटणीच्या खानावळींच्या पाट्यांवर सर्रास सगळीकडे गोल एस घातलेला दिसतो. अक्षर जुनं निवडलं, पण त्याचा नियम सांगणारं कुणी उरलं नाही.

फ्रँकफुर्टला लागून ऑफेनबाख आहे. तिथलं क्लिंग्स्पोर संग्रहालय पाहावं म्हणून मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले होते. १९०६ साली रुडोल्फ कोख नावाचा माणूस या गावातल्या टाइप-फाउंड्रीत, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात, कामाला आला आणि १९३४ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याची टेक्स्टूरा, जिला फाउंड्रीच्या मालकांपैकी विल्हेल्म क्लिंग्स्पोर यांचं नाव दिलेलं आहे, मी पहिल्यांदा छापील पानावर पाहिली तेव्हा वाकून इतक्या जवळून पाहिली की माझा श्वास काचेवर उमटला. लहान अक्षरं सैनिकांसारखी काटेकोर, आणि कॅपिटलमध्ये जाड रेघेच्या शेजारून धावणारी केसाएवढी रेघ. एवढी बारीक रेघ शिशाच्या खिळ्यात टिकते तरी कशी, या विचारानं माझ्या पोटात खड्डा पडला. जॉब प्रेसमधले मोडक्या कडांचे खिळे मी पाहिलेले होते. याच माणसानं १९२३ मध्ये नॉयलांट नावाचा टाइप केला, आधी रेखाटन न करता थेट धातूत कोरून, आणि १९२७ मध्ये काबेल, कंपासनं आखल्यासारखा नितळ आधुनिक. म्हणजे त्याला नवं येत नव्हतं म्हणून तो जुन्याला धरून बसला, असं नाही. जर्मन अक्षर हे जर्मन मनाचं अक्षर, अशी त्याची श्रद्धा होती. ही श्रद्धा मला पूर्ण पटत नाही, तिची थोडी भीतीही वाटते, पण ते पान समोर असताना मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

भीती वाटते ती पुढच्या वर्षांमुळे.

१९३३ नंतर हे वळण नाझी सत्तेनं उचललं. टॅनेनबर्ग आणि तसले टाइप आले: कोखच्या हाताची सगळी थरथर काढून टाकलेली, घासून सरळ केलेली, बूट आपटत चालणारी अक्षरं. बर्लिनच्या काही भुयारी रेल्वे स्थानकांवर त्या वळणाच्या पाट्या अजून आहेत. आज जगभर या अक्षरांकडे बघून 'हिटलरचं अक्षर' म्हणतात ते यामुळेच, आणि ज्यांच्या घरातली माणसं त्या राजवटीनं मारली त्यांना हे अक्षर सोसवत नसेल तर त्यांच्याशी वाद घालायला मी कोण? पण पुढचं पानही वाचायला हवं. ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षातला बडा अधिकारी मार्टिन बोरमान यानं परिपत्रक काढलं की गॉथिक अक्षरांना जर्मन म्हणणं चूक आहे, ती ज्यूंची अक्षरं आहेत, यापुढे रोमन हेच नेहमीचं अक्षर. ऐतिहासिकदृष्ट्या हे धादांत खोटं होतं. जिंकलेल्या देशांत आपले हुकूम वाचता यावेत, ही खरी गरज. त्या परिपत्रकाच्या माथ्यावर छापलेलं पक्षाचं नाव मात्र गॉथिकमध्येच होतं. त्याच वर्षी शाळांतून जुनं हस्ताक्षरही बंद झालं. चारशे वर्षांचं वाचन एका कागदानं थांबलं. युद्धानंतरही ते परतलं नाही, कारण पोरांना आता ते शिकवलं जात नव्हतं.

कोखच्या शिष्यांत बेर्टोल्ड वोल्पे होता, ऑफेनबाखमध्येच जन्मलेला ज्यू. १९३५ मध्ये त्याला देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. लंडनच्या सिटी भागातल्या रस्त्यांच्या पाट्या ज्या अल्बर्टस टाइपमध्ये आहेत, तो अल्बर्टस त्याचा. पण मला त्याचं दुसरं काम जास्त विलक्षण वाटतं. १९३७-३८ च्या सुमाराला, परागंदा झाल्यावर, त्यानं मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी साक्सेनवाल्ड नावाचा टाइप केला. गॉथिक! ज्या देशानं त्याला हाकललं, त्या देशाच्या अक्षराचा. मग १९४० मध्ये इंग्लंडनंच त्याला शत्रुदेशाचा माणूस म्हणून ऑस्ट्रेलियातल्या छावणीत पाठवलं. वर्षभरानं तो परतला. साक्सेनवाल्ड मी रात्री उशिरा पडद्यावर मोठा करून पाहते तेव्हा त्यात कुठे राग शोधते आणि मला सापडत नाही. अक्षरं भारदस्त आहेत, काळी आहेत, पण कोपऱ्यांत मऊ आहेत, कॅपिटल साधी, ओळखू येणारी. कदाचित त्याला म्हणायचं असेल की हे अक्षर माझ्या गुरूचं आहे, माझं आहे, तुमचं नाही. हे माझं वाचन. पण 'हिटलरचं अक्षर' असं कुणी म्हटलं की मला आधी वोल्पे आठवतो.

आणि मोडीही आठवतेच. आपल्याकडे कुणी तिच्यावर खोटा आळ घेतला नाही. ती शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरातली दप्तरं मुकी झाली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली, आणि आजीला स्वतःच्या सासऱ्यांची सही ओळखता येत होती पण खालची ओळ वाचता येत नव्हती, असं घराघरात घडलं. जर्मन घरांतही आजोबांची पत्रं अशीच पडून आहेत. आता मोडीचे देखणे भित्तिपट होतात, साड्यांवर मोडी छापली जाते. मला ते आवडतं, मीही एक साडी घेतली. पण नेसताना वाटलं की ही ओळ काय आहे ते विचारावं, आणि दुकानात कुणाला सांगता आलं नाही.

आपण जे वाचू शकत नाही त्यालाच आपण इतकं सजवतो की काय?

न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरच्या नावापासून लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या भिंतींपर्यंत हे वळण आज शीर्षकाचं, दिमाखाचं अक्षर म्हणून जिवंत आहे, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. उलट त्या भिंतींवरचे रंगारी या अक्षराला जो मान देतात तो पाहून ऊर भरून येतो. प्रमाणपत्रांवर आणि वर्तमानपत्रांवर ज्या अक्षरानं मोठ्या लोकांची नावं लिहिली जात, त्यानं आपल्या गल्लीचं नाव लिहायचं, यात केवढा हक्क आहे! मावशींच्या मुलालाही तेच हवं असणार. आईचं नाव दिमाखात लिहायचं. दिमाख अक्षरानं दिला. वाचणाऱ्या माणसाची आठवण मात्र ज्यानं तो फॉन्ट उतरवून घेतला आणि टाइप केला, त्यानं ठेवायला हवी होती.

म्हणून सध्या मी जो नवा टाइप घडवते आहे, त्यात आधी कॅपिटल ए घेतला. शीर्षकाचाच टाइप आहे, टेक्स्टूरा घराण्यातला, मोठ्या मापासाठी. लहान अक्षरं भराभर जमली: एन झाला की एम, यू, एच त्यातूनच निघतात, ओ म्हणजे दोन मोडलेल्या रेघा एकमेकींकडे झुकलेल्या. एला मात्र मी वरचं टोक परत दिलं, दोन्ही रेघा वर जुळवल्या, मधली काडी जाड केली, आणि डावीकडचा बाक पायाशी नेला म्हणजे घराण्याची ओळख राहील. आयला ओळीवर थांबवलं, आकडा जेकडेच ठेवला. सगळी कॅपिटल टाइप केली तर फॉन्टनं आपणहून साधे, अरुंद अवतार पुढे करावेत अशीही सोय घातली आहे. अण्णांची शिस्त आता कुणी तोंडी सांगणार नाही, तर ती फॉन्टमध्येच असावी. उंच एस ठेवला आहे, पण मागितला तरच येईल. अडलं आहे ते के आणि एक्सपाशी. जुन्या वळणाचा के आजच्या डोळ्याला टी वाटतो आणि एक्स शेपटी फुटलेला आर. टेक्स्टूराच्या लेखणीनं एक्सची तिरकी काट मारली की ओळीच्या मधोमध एक भोक दिसतं, पांढऱ्याची सगळी लय तिथे तुटते. शेपटीचा आर ठेवला तर ओळ देखणी राहते आणि शब्द वाचता येत नाही. काल तिसरा प्रकार काढला, काट आहे पण उजवा हात उभा केलेला. तो 'मॅक्स'मध्ये बरा दिसतो, 'एक्स्ट्रा'मध्ये अजून नाही.